डावा हात मोज्यात

माझा नातू सोन्या डावखुरा आहे, हे आमच्या घरात केव्हाच ठरून गेलं होतं. विहीणबाईंनी पाचव्या महिन्यातच निकाल दिला होता, "मामावर गेलाय." खुळखुळा धरायला डावा हात, माझा चष्मा ओढायला डावा हात. उष्टावणाला मामाने मांडीवर घेऊन खीर भरवली तेव्हा चमच्यावर झडप घातली तीही डाव्याच हाताने. मामा खूश.

शंका पहिल्यांदा आली ती मालिशवाल्या मावशींना. कराडात आमच्या आळीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हालेली. एकदा तेल लावता लावता म्हणाल्या, "बाई, ह्यो हात येगळा लागतोय. मूठ सुटंना झालीय. अंगठा बघा की, आत दाबून धरलाय." मी वाकून पाहिलं. डाव्या हाताची बोटं मोकळी होती. उजवा अंगठा मात्र चार बोटांखाली गेलेला, आणि तळव्यापर्यंत तेल पोचवायला मावशींना एकेक बोट सोडवावं लागत होतं. आतून ओलसर मळ निघाला, कारण तिथे वारंच लागत नव्हतं.

मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवली. डावखुरी पोरं खूप पाहिली, पण ती डाव्या हाताने लिहितात आणि उजव्याने पाटी दाबून धरतात. दुसरा हात रिकामा बसत नाही. आणि खरं तर वर्षाच्या आतलं मूल डावं-उजवं करतच नाही. वस्तू ज्या बाजूला, तो हात पुढे. कोणता हात जास्त चालणार हे पक्कं व्हायला पुढे दोन-तीन वर्षं जातात. पाच-सहा महिन्यांचं बाळ सारखा एकच हात वापरत असेल तर त्या हाताचं कौतुक बाजूला ठेवून दुसऱ्या हाताकडे बघावं, एवढं तरी प्रत्येक बाळंतिणीला दवाखान्यातून निघताना सांगायला हवं, असं माझं मत आहे. लसींचं कार्ड देतात तसं.

जवळच्या बालरोगतज्ज्ञांनी पाहिलं आणि म्हणाले, "थांबू या. नऊ महिन्यांच्या डोसला याल तेव्हा बघू. समजा काही असलंच तरी लहान आहे, मेंदू वाढतोय, भरून येईल." ते ऐकून माझ्या मुलाला बरं वाटलं. सूनबाईंना वाटलं नाही. बँकेत बसल्या बसल्या तिने पुण्यातल्या मुलांच्या मेंदूतज्ज्ञ डॉक्टरांची वेळ घेतली आणि घरी येऊन आम्हाला सांगितली, विचारली नाही.

त्या डॉक्टरबाईंनी सुरुवातीला कोणतंच यंत्र वापरलं नाही. सोन्याला गादीवर बसवलं, समोर लाल कडं धरलं. त्याने डाव्या हाताने घेतलं. मग त्यांनी त्याचा डावा हात हलकेच आपल्या मुठीत ठेवला आणि कडं उजवीकडे नेलं. आता त्याने काय करावं? तो पुढे झुकला आणि तोंडाने कडं धरायला गेला. उजवा हात कोपरात वाकून छातीशी तसाच. मग त्यांनी त्याला कमरेशी धरून आधी डावीकडे कलतं केलं, हात पटकन जमिनीवर टेकला. उजवीकडे कलतं केलं, हात आलाच नाही. डॉक्टरांनी धरलं नसतं तर डोकं आपटलं असतं. सूनबाई माझ्या शेजारी उभी होती, तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

एमआरआयसाठी बाळ निपचित झोपलेलं लागतं. आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागवायचं, सकाळी झोपेचं सिरप द्यायचं, ते थुंकलं तर किती थुंकलं याचा अंदाज करत बसायचं. आम्ही मशीनच्या खोलीबाहेर आणि आतून तो ठोकल्यासारखा आवाज. फिल्म उजेडाच्या पाटीवर लावल्यावर मला काही वाचायची गरज लागली नाही. मेंदूच्या दोन बाजू सारख्या असतात हे मी पोरांना फळ्यावर काढून शिकवलंय. इथे डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, एक मोठा डाग होता. तिथे मेंदू नव्हता, पाणी होतं.

निदान होतं स्ट्रोक. आमच्याकडे ज्याला लकवा म्हणतात तोच. तो म्हाताऱ्या माणसांना होतो अशी माझी पक्की समजूत. पण पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळांनाही काही हजारांत एकाला होतो. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यापासून जन्मानंतरच्या अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत कधीही. बहुतेकदा डावीकडच्या मधल्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते. ती गुठळी वारेतून, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते तिच्यातून, आली असण्याची शक्यता असते. पोटातल्या बाळाच्या हृदयात दोन कप्प्यांमध्ये एक झडप उघडी असते, फुप्फुसं चालू झालेली नसतात म्हणून रक्त तिथून आडवाटेने जातं, आणि त्याच वाटेने गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते. काही बाळांना जन्मल्यावर एक-दोन दिवसांत झटके येतात, म्हणून लगेच कळतं. आमच्या बाळाला काहीच झालं नाही. रडला, प्यायला, झोपला.

मग पाच महिने कसं कळलं नाही? यावर डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला फार पटलं. नवजात बाळाच्या हातापायांच्या हालचाली बऱ्याचशा मेंदूच्या खालच्या भागातून आणि मणक्यातल्या मज्जारज्जूतून चालतात. वरच्या मेंदूने अजून कारभार हातात घेतलेलाच नसतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात मूल ठरवून वस्तू धरायला लागतं, तेव्हा तो कारभार सुरू होतो, आणि जो अधिकारी खुर्चीवर नाही तो तेव्हा लक्षात येतो. इजा जुनी, तिचा परिणाम नवा.

रक्त गोठण्याच्या तपासण्या झाल्या, हृदयाची सोनोग्राफी झाली, मेंदूतल्या विजेचा आलेख काढणारा ईईजी झाला. रक्तात आणि हृदयात दोष निघाला नाही. परतताना खंबाटकीच्या घाटात सूनबाईने मला विचारलं, "आई, ग्रहणाच्या दिवशी मी भाजी चिरली होती. तुम्ही गावाला गेला होता, तुम्हाला माहीत नाही." एमकॉम झालेली, बँकेत अधिकारी असलेली मुलगी. मी तिला काही म्हणाले नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेल्यावर तिच्यादेखत मीच तो प्रश्न विचारला, माझा म्हणून. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ग्रहणाने नाही, पपईने नाही, स्कूटरने नाही, ऑफिसने नाही. तुमच्यापैकी कुणीही काही केलं म्हणून हे झालेलं नाही. पुढच्या बाळाला असं होण्याची शक्यताही अगदी थोडी." सूनबाई त्या दिवशी घरी येऊन पोटभर जेवली.

आता ते "भरून येईल". हे वाक्य आम्हाला सगळ्यांनी ऐकवलं, शिकलेल्यांनीसुद्धा. त्यात तथ्य नाही असं नाही. जन्मतः मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पावपट असतं आणि दोन वर्षांत ते पाऊणपटीच्या पुढे जातं. पेशींमधले जोड पहिल्या वर्षात गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात आणि पुढे वापरात नसलेले छाटले जातात. शिकागोच्या पीटर हटनलॉकर यांनी मेलेल्या माणसांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हे जोड अक्षरशः मोजले होते. त्याआधी 1930 च्या दशकात अमेरिकेत मार्गारेट केनार्ड यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवलं होतं की मेंदूच्या हालचालीच्या भागाला लहानपणी इजा झाली तर मोठेपणीच्या इजेपेक्षा माकड बरं सावरतं. तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पुढे कॅनडात ब्रायन कोल्ब यांनी उंदरांवर पाहिलं तर जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच इजा झालेली पिल्लं सगळ्यात वाईट स्थितीत, आणि आठवडा-दहा दिवसांनी झालेली मात्र चांगली सावरलेली. म्हणजे लहान असणं हा काही सरसकट ताईत नव्हे. कोणत्या भागाला, कोणत्या वेळी, आणि नंतर काय केलं, यावर सगळं आहे.

आमच्या बाबतीत "थांबू या" किती महागात पडलं असतं, ते एका गोष्टीवरून कळलं. मेंदूची डावी बाजू उजवा हात हलवते, हे आपण शाळेत शिकतो. पण जन्मतः तसं नसतं. प्रत्येक बाजू दोन्ही हातांकडे तारा पाठवते. पहिल्या दीड-दोन वर्षांत त्यांची चढाओढ चालते, पलीकडच्या हाताकडे जाणाऱ्या तारा जिंकतात, त्याच बाजूच्या बऱ्याचशा मागे सरतात. इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॅनेट आयर यांनी बाळांच्या डोक्यावर चुंबकाचे हलके झटके देऊन कोणत्या हातात हालचाल उमटते हे बघत हे दाखवलं. आता एका बाजूला इजा झाली की चढाओढ विषम होते. इजा झालेल्या बाजूच्या उरलेल्या तारा दुबळ्या, त्या हरतात, आणि चांगली बाजू दोन्ही हात आपल्याच ताब्यात ठेवते. ज्या वाफ्याचं तोंड उघडं त्यात पाटाचं पाणी वळतं, दुसरा वाफा कोरडा. हात अगदीच लुळा पडत नाही, पण बोटांचं बारीक काम त्याला येत नाही. नऊ महिन्यांच्या डोसपर्यंत थांबायचं म्हणजे या शर्यतीतले ऐन धावायचे महिने घालवायचे.

मग करायचं काय? तर चांगला हात बंद करायचा. तिरळ्या डोळ्याच्या मुलाला चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात ना, तसंच. त्या पट्टीमागे ह्यूबेल आणि वीझल यांचं मांजरीच्या पिल्लांवरचं काम आहे, ज्याला 1981 चं नोबेल मिळालं. एक डोळा लहानपणी शिवून ठेवला तर डोळा धड असूनही मेंदू त्याची जागा दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकतो. हाताच्या बाबतीत ही पद्धत अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून काढली (त्या माकडांवरून टॉब यांच्यावर छळाचा खटलाही झाला, ते वेगळंच प्रकरण आहे) आणि आधी मोठ्या माणसांच्या लकव्यासाठी वापरली. बाळांसाठी तिचं सौम्य रूप स्टॉकहोमच्या आन-क्रिस्टिन एलियासन यांनी बसवलं: रोज अर्धा तास, आठवड्यातून सहा दिवस, सहा आठवडे. मग सहा आठवडे सुट्टी, मग पुन्हा सहा आठवडे. हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टना मी विचारलं, अर्धाच तास का, मी तर दिवसभर रिकामी आहे. त्या म्हणाल्या, चांगल्या हाताच्याही तारा आत्ताच बसतायत, त्याला फार बांधून ठेवलं तर त्याचं नुकसान. एवढा विचार करून बांधलेली वेळ आहे म्हटल्यावर मी घड्याळ लावायला लागले.

मुलगा आणि सून नोकरीवर, त्यामुळे ही शाळा माझ्याकडे आली. साधन काय, तर त्याच्याच पायातला जाड मोजा, डाव्या हातावर कोपरापर्यंत चढवलेला. पहिल्या दिवशी त्याने तो दातांनी ओढून काढला. दुसऱ्या दिवशी मी मनगटाशी नाडी बांधली तर रडून आळी गोळा केली. शेजारच्या वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "बाई, आता कोण डावखुऱ्या पोरांचा हात बांधतं? तुम्ही शिकलेल्या ना?" मी त्यांना आत बोलावलं आणि मोज्याच्या जागी दुसरी भानगड दाखवली, उजव्या हाताची मूठ. मग त्या बसल्या. पुढे कित्येक दिवस त्यांची धाकटी मुलगी अर्धा तास सोन्यापुढे कोंबडी-कोंबडी खेळायला यायची, फुकट.

थेरपिस्टचा नियम असा की हात आपण धरून हलवायचा नाही. मुलाला काहीतरी इतकं हवंसं वाटलं पाहिजे की त्याने स्वतः पोचायला पाहिजे. खेळणी बाजारातून आणलेली सगळी पडून राहिली. चालली ती स्वयंपाकघरातली. परातीत चुरमुरे ओतून उजवीकडे सरकवायचे. मूठ चुरमुऱ्यांवर नुसती आपटली तरी आवाज येतो आणि दोन-चार बोटांना चिकटतात, ते तोंडात जातात. हे त्याला कळलं त्या दिवशी पहिल्यांदा ती मूठ उघडताना मी पाहिली. पूर्ण नाही. करंगळीकडून सुरुवात झाली, मग शेजारचं बोट, अंगठा शेवटपर्यंत आतच. अंगठ्यासाठी रबरासारख्या कापडाची पट्टी करून दिली होती, जी अंगठा बाहेर ओढून ठेवते. तिने काम सोपं झालं. कणकेचा गोळा मात्र वाईट पर्याय निघाला, घट्ट वस्तू हातात आली की मूठ आणखी आवळते.

दुसऱ्या फेरीनंतर मोजा गेला आणि दोन्ही हातांची कामं आली. हिवाळा होता, मटार स्वस्त. शेंग सोलायला दोन हात लागतातच, सुटका नाही. डाव्या हाताने फोडायची, उजव्याने नुसती दाबून धरायची. इथे मला एक गंमत दिसली: डाव्या हाताची चिमूट आवळली की उजव्याचीही आपोआप आवळायची. डावा सुटला की उजवाही सुटायचा, शेंग खाली. डॉक्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, एकच बाजू दोन्ही हात चालवायला लागल्याची ही खूण आहे. म्हणजे तारांची ती शर्यत माझ्या परातीत दिसत होती, आणि निकाल पूर्ण आमच्या बाजूने लागलेला नव्हता.

आता तो चार वर्षांचा होत आलाय. उजवा हात डबा धरून ठेवतो, सायकलचं हँडल पकडतो, ताटलीला टेकून राहतो. शर्टाचं बटण त्याला येत नाही आणि कदाचित येणारही नाही. थेरपिस्ट त्याला मदतनीस हात म्हणतात. चालायला दीड वर्षाचा झाल्यावर लागला, उजवी टाच उचलून. रात्री पायाला प्लास्टिकची पट्टी असते. पोटरीत स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन द्यायचं की नाही यावर सध्या घरात दोन पक्ष आहेत.

फिटचं भय अजून आहे. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की अशा मुलांपैकी बऱ्याच जणांना पुढे कधीतरी फिट येतात, म्हणून नाकात मारायचा स्प्रे घरात, गाडीत आणि माझ्या पिशवीत असतो. वर्षाच्या आत मूल झोपेतून उठताना ओळीने पुढे वाकून दचकायला लागलं तर व्हिडिओ काढून त्याच दिवशी या, असंही सांगितलं होतं. तसं झालं नाही.

आणि बोलणं! डावा मेंदू म्हणजे भाषेचा मेंदू. आमच्या मास्तरांपैकी एकांना साठीत त्याच रक्तवाहिनीत गुठळी झाली, ते आज "पाणी" म्हणायला धडपडतात. सोन्याचा तर त्याहून मोठा भाग गेलाय. पहिले शब्द जरा उशिरा आले, दोन वर्षांपर्यंत आम्ही कान लावून बसलेलो. तिसऱ्या वर्षी जे सुरू झालं ते आता थांबत नाही, प्रत्येक वाक्याला "का पण?" वॉशिंग्टनच्या एलिसा न्यूपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्माच्या वेळी डाव्या बाजूला असा स्ट्रोक झालेली मुलं मोठी झाल्यावर तपासली, तर त्यांची भाषा उजव्या बाजूला, आरशात दिसावी तशा बरोबर त्याच जागी बसलेली होती, आणि चांगली चाललेली. लहान मुलांत भाषेचं काम दोन्ही बाजू करतच असतात. डावी गेली तर उजवीला ते सोडावं लागत नाही, एवढंच. हाताला ती सोय नाही, त्याच्या तारा इजा झालेल्या जागेतूनच जातात. एकाच डागाची ही दोन फळं मी रोज एकाच पोरात बघते, म्हणून "भरून येईल" आणि "काही होणार नाही आता" या दोन्ही वाक्यांची मला सारखीच चीड येते.

कागदोपत्रीचं थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालीत येणारा दोष, आहे, आणि आमचा प्रकार त्यात मोडतो. लहान मुलाला प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचंच मिळतं, पुन्हा तपासणी असते. सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट असते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, एक लाखापर्यंत, थेरपीला उपयोगी पडते. ज्यांना पुणं परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या लवकर उपचार केंद्रात, विचारावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही केंद्रं आहेत. हा कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरला सुरू झाला, आणि त्यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. अंगणवाडीताईंना फक्त "हात वापरत नाही" एवढं सांगितलं तरी पुरतं.

मला सध्या घोर आहे तो वेगळाच. उजव्या बाजूने भाषा आपल्याकडे घेतली, तर तिथली मूळची कामं, आकार ओळखणं, जागेचा अंदाज, चित्र, ती थोडी आक्रसू शकतात, असं डॉक्टर म्हणतात. पहिलीत जायच्या आधी मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी करायची ठरलीय. तोवर मी वाट बघत बसलेली नाही. सकाळी आम्ही ठोकळ्यांचे मनोरे करतो, मी करते तसाच त्याने करायचा. तीन ठोकळ्यांचा पूल त्याला गेल्या आठवड्यापर्यंत जमत नव्हता, वरचा ठोकळा तो मधल्या फटीत घालायचा आणि मला त्याचं कारण समजावून सांगायचा. आता वर ठेवतो. कारण अजून सांगतोच.